नसलेल्या नातवंडांची दुरुस्ती

"दुरुस्ती उद्याच्या अंकात गेलीच पाहिजे," संपादकांनी केबिनमधून सांगितलं. नुकताच एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकांचा फोन येऊन गेला होता. त्यांचा जुना कामगार बाबुराव वारला, म्हणून त्यांनी आमच्या पेपरात निधनाची जाहिरात दिली होती. बाबुरावांना मूलबाळ नव्हतं. आम्ही मात्र खाली छापलं होतं, 'शोकाकुल : पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे.'

चूक कशी झाली ते लगेच कळलं. अशी जाहिरात कुणी नव्यानं बनवत बसत नाही. ऑपरेटर जुनी फाईल उघडतो, फोटो आणि नाव बदलतो. घाईत खालची ओळ बदलायची राहिली आणि कुणाची तरी नातवंडं बाबुरावांच्या पदरात पडली.

आतल्या पानावर 'दुरुस्ती' म्हणून छोटी चौकट असते. ती मी लिहितो. हे काम ऑफिसात कुणाला नको असतं आणि चौकट कुणी वाचतही नाही. बायको गेल्यापासून घरीही बोलायला कुणी नाही, त्यामुळे दिवसदिवस गप्प बसायची सवय झालीय.

मजकूर तयार केला : 'कै. बाबुराव यांना अपत्य नव्हते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवावा म्हणून भवानी पेठेत गेलो. त्यांच्या पत्नी सोनाबाई खोलीत एकट्याच होत्या. मी माफी मागितली आणि मजकूर वाचला.



"मला पोरबाळ न्हाय, हे सगळ्या पेठेला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "ते पुन्ना कशाला छापता, दादा? शेजारणीनं पेपर वाचला, तवा मी तिला ती ओळ दोनदा वाचाय लावली. ऱ्हाऊ द्या की."

आम्हालाही मूल झालं नाही. "बरं, मावशी," एवढंच म्हणालो आणि कागद खिशात घातला.

दुरुस्ती छापू नये म्हटल्यावर संपादक चिडले. वाचकांना खरं कळायला नको का, म्हणाले. ज्यांना कळायला हवं त्यांना ते कधीचं माहीत आहे, असं मी सांगितलं. मालकांनाही फोन केला. सोनाबाईंचं म्हणणं ऐकून तेही 'राहू द्या' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकटीत पाणीपुरवठ्याच्या चुकलेल्या वेळेची दुरुस्ती गेली. दुरुस्ती छापण्याआधी ती कुणाला हवी आहे ते विचारावं, एवढं मी या नोकरीत शिकलो. ऑपरेटरला निधनाच्या जाहिरातीची खालची ओळ तपासायची सक्त ताकीद दिली. फक्त माझ्या जाहिरातीच्या वेळी राहिली तर राहू दे, असंही सांगून ठेवलंय.