बॉनेटवरची टकटक

देवळात मी जाते, घरी गणपती बसवते. पण मेलेलं माणूस येऊन काही सांगतं, संकेत देतं, असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. आमच्या बेटावरच्या क्युरपिप गावातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. मधल्या सुट्टीत मुलं उसाच्या मळ्यातल्या भुतांच्या गोष्टी सांगू लागली की त्यांना दटावणारी मीच. तेव्हा हे वाचून कोणी मला हसलं तर खुशाल हसा... तुमच्या जागी मीही हसले असते.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. आमचे हे, जयवंत, सरकारी खात्यात वरच्या जागेवर गेले आणि त्यांना ड्युटी-फ्री गाडी घ्यायची सवलत मिळाली. त्याआधी आमच्याकडे एक म्हातारी विलायती गाडी होती. तिच्यावर घरातल्या कोणाचाच भरवसा नव्हता, त्यामुळे हे रोज सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. वाकून चारी चाकं बघायचे, बॉनेट उघडून पाणी, ऑइल, ब्रेक-ऑइल बघायचे. मग बॉनेट बंद करून त्यावर बोटांच्या पेरांनी ठोकायचे – टक... टक-टक. एक सावकाश, दोन घाईने. हे ठोकणं त्यांच्या वडिलांचं. मामंजींनी रिव्हिएर दू रांपार ते पोर्ट लुई बस चालवण्यात जन्म घालवला, आणि कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात उभी असलेली कुणाचीही गाडी दिसली की म्हातारा तिच्यावर ठोकून पुढे जायचा. सत्तरचं दशक सरता सरता ते गेले.

नवी गाडी जपानी. काय सांगू तिचं कौतुक! स्टिअरिंगच्या मागे गाडीचं छोटंसं चित्र होतं. दार नीट लागलं नसेल तर चित्रातलं दार लाल व्हायचं, मागचा दिवा गेला तर चित्रातला दिवा लाल. ब्रेक-ऑइलसाठी वेगळा मोठा दिवा. वेग शंभरच्या वर गेला की देवघरातल्यासारखी किणकिण घंटा वाजायची. शेजारीपाजारी खास ती घंटा ऐकायला आमच्याबरोबर फेरी मारून आले.

आणि ह्यांची सकाळची फेरी बंद झाली.

"अहो, हल्ली वाकून बघत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"कशाला? काय बिगडलं तर गाडी सांगंल की," हे म्हणाले. "त्येच्यासाठीच तर एवढे दिवे दिलेत."

मला पटलं. एवढ्या शिकलेल्या जपान्यांनी बनवलेली गाडी, ती का खोटं सांगेल?

गणेश चतुर्थीचा दिवस होता. माझं माहेर ब्रीझे वेर्दिएरला, तिथल्या गणपतीला निघालो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. क्युरपिपची नेहमीची भुरभुर चालू होती. मी पुढे, मांडीवर मोदकांचा डबा. मागे आमची आठ वर्षांची सुनीता. ह्यांनी गाडी सुरू केली, चित्र बघितलं – एकही लाल खूण नाही. तेवढ्यात बॉनेटवर...

टक. टक-टक.

समोर कोणी नव्हतं. काचेवर वायपर फिरत होता आणि त्याच्यापलीकडे आमचं बंद फाटक.

"पप्पा, कोण ठोकतंय?" सुनीता म्हणाली. म्हणजे मला एकटीलाच ऐकू आलं असं नव्हतं.

पुन्हा झालं. एक सावकाश, दोन घाईने. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली उतरले, गाडीला वळसा घातला, मागच्या चाकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. चाकाच्या आतून तेलकट ओघळ आला होता. बॉनेट उघडून बघितलं तर ब्रेक-ऑइलची डबी जवळजवळ कोरडी.

रेमों मेकॅनिक दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. तो आला, त्याने डबीत बोट घातलं. आतला तरंगणारा गोळा वरच अडकून बसला होता, त्यामुळे दिवा लागायची सोयच नव्हती. "मादाम, ऊ फिन गाग्न शांस," तो मला म्हणाला. नशीब बलवत्तर तुमचं. मग वाटेतला फ्लाककडचा उतार, न लागणारा ब्रेक आणि पुढे उसाची लॉरी, असं त्याने हातानेच दाखवलं.

हे पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. "बाबा आलेले," एवढंच म्हणत होते. आम्ही माहेरी बसने गेलो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मला वाटलं, आता सकाळची फेरी पुन्हा सुरू होणार. झालं भलतंच. ह्यांनी मामंजींचा फोटो दाराशी लावला. निघताना त्याला हार. मग सगळ्यांनी गाडीत बसायचं, इंजिन सुरू करायचं नाही, आणि हे हात वर करून डोळे मिटायचे. अर्धं मिनिट सगळे चिडीचूप. काही ऐकू आलं नाही की म्हणायचे, "बाबा गप हायेत. चला."

दिव्याच्या जागी बाप आला. वाकणं काही परत आलं नाही.

देवळातल्या मंडळींना हे अभिमानाने ही हकीकत सांगायचे. मी हसले का त्यांना? नाही. खरं सांगते, मला त्या अर्ध्या मिनिटात फार बरं वाटायचं. मी, मुलांना भुतांवरून दटावणारी, हात जोडून बसायचे.

वर्ष होत आलं होतं. रविवार, लख्ख ऊन. सासूबाईंना भेटायला रिव्हिएर दू रांपारला निघालो. हार झाला, गाडीत बसलो, ह्यांनी हात वर केला. मी डोळे मिटले. मागून सुनीताची चुळबुळ चालू होती, "मम्मी... मम्मी..." मी डोळे उघडले, मागे वळले आणि बघितलं तिच्याकडे. ती गप्प झाली.

"बाबा गप हायेत," हे म्हणाले. "चला."

गाव दोन मैलांवर राहिलं होतं. सरळ रस्ता, दोन्हीकडे ऊस. एकही दिवा लागला नाही, घंटा वाजली नाही, आणि पुढचं डावं चाक फुटलं. गाडी उसात घुसली आणि शेतात रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावर आदळली. आम्ही दोघं पट्ट्याने वाचलो. मागे पट्टे नव्हते. सुनीताचा उजवा पाय मांडीपासून मोडला.

रेमोंने टायर आणून ह्यांच्यासमोर ठेवला. आतल्या बाजूला तळहाताएवढी चीर होती, कडा काळवंडलेल्या, जुनी. "ती बिझें गेत आंबा, मिस्ये," तो हळूच म्हणाला. खाली बघायला पाहिजे होतं.

ह्यांनी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "तवा आलात, मग आता का नाय आलात, बाबा?" असं मोठ्याने ओरडले. सासूबाई सुनीतासाठी येऊन राहिल्या होत्या. त्यांनी फोटो सरळ केला आणि म्हणाल्या, "येड्या, तुजा बाप आधी वाकायचा, मग ठोकायचा. ठोकलं म्हंजी बगून झालं. तू ठोकणं ठेवलंस, वाकणं टाकलंस. त्येचा काय दोष?"

 पुढे आयुष्यभर हे वाकून चाकं बघत राहिले, बसमध्ये चढतानासुद्धा.

सुनीतावर तीन ऑपरेशनं झाली. प्लास्टर निघालं त्या दुपारी मी तिच्या बारीक झालेल्या पायाला तेल लावत होते. ती एकदम म्हणाली, "मम्मी, आजा त्या दिवशीपण आले होते."

"कधी?"

"आपण निघालो तेव्हा. माझ्या काचेवर ठोकत होते. जोरजोरात... किती वेळ."

माझा हात थांबला. "मग सांगितलं का नाहीस गं?"

"सांगत होते की. तू डोळे मोठे केलेस."

आज सुनीताला स्वतःची मुलं आहेत. लंगडते, पण मजेत असते. हे जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांना मी ही गोष्ट कधी सांगितली नाही. ते बिचारे शेवटपर्यंत समजत राहिले की बाबा आले नाहीत. पहिल्या वेळी तिघांना ऐकू आलेलं दुसऱ्या वेळी एकट्या पोरीलाच का ऐकू आलं, की तिच्या मनाचाच तो खेळ होता, ठोकत कोण होतं... मला खरंच माहीत नाही. कोणाला विचारायची हिंमतही झाली नाही. माहीत आहे ते एवढंच, की मागच्या सीटवरून कोणीतरी मला दोनदा हाक मारली होती, आणि ती हाक भुताची नव्हती.