दारापासून बाकापर्यंत

रूथबाई उपासनेला सगळ्यांच्या आधी यायच्या आणि सगळ्यांच्या मागे बसायच्या. दाराला लागून असलेलं शेवटचं बाक त्यांचं. त्यातही कडेची जागा मोकळी सोडून त्या दुसरीवर बसत. पांढरी सुती साडी, शेजारी पाण्याची बाटली आणि मांडीवर दोन गायनपुस्तकं. एक स्वतःचं, दुसरं कोणाचं, ते त्या त्या रविवारी ठरायचं. सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सची नोकरी केली होती. एक कान दाराकडे ठेवायची सवय तिथलीच असावी.

कसबा पेठेजवळचं आमचं मराठी चर्च तेव्हा ओस पडत चाललं होतं. पाळकांच्या नेमणुकीवरून भांडण झालं आणि निम्मी घरं उठून गेली. उरलेल्यांतली पोरं आयटीत लागली, लांब लांब फ्लॅट घेऊन तिकडच्याच गिटारवाल्या इंग्रजी उपासनांना जाऊ लागली. मीही आयटीतलाच. पण वर्षभर अमेरिकेत राहून आलो होतो आणि चर्चची मंडळी नव्याने उभी करायचीच, असा चंग बांधला होता. म्हणून मला सेक्रेटरी केलं. खरं तर दुसरं कोणी तयार नव्हतं.

पहिल्याच रविवारी मी रूथबाईंकडे गेलो. "अहो बाई, पुढे बाकं रिकामी आहेत."

"दिसतायत मला. मोतीबिंदू काढून झालाय."

"मग पुढे बसा की. चर्च भरल्यासारखं दिसेल."

"भरल्यासारखं," त्या म्हणाल्या आणि पुस्तक उघडून बसल्या.

मला राग आला. पुढच्या शनिवारी मी पिवळी नायलॉनची दोरी आणली आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधून मागची सहा बाकं बंद करून टाकली. वर पाटी लावली, ‘कृपया पुढे बसावे’. पुण्यात पाटी लावली की काम झालं असं वाटतं. लोक मुकाट्याने पुढे सरकले. मी फोटो काढून अमेरिकेतल्या मित्रांना पाठवला. रूथबाई मात्र बाहेर पायरीवर, चपलांशेजारी बसल्या. पुढच्या रविवारीही तिथेच. बाई हट्टी आहेत, असं मी कमिटीच्या बैठकीत मोठ्याने म्हणालो.

तिसऱ्या रविवारी, पहिलं गीत संपता संपता, दारात आनंदराव उभे राहिले. भांडणाच्या सभेत खुर्ची आपटून निघून गेलेला हा माणूस कित्येक वर्षांनी आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बायबल. त्यांनी दोरीकडे पाहिलं आणि तिथेच थबकले. मी समोरून हात हलवत म्हणालो, "या आनंदराव, या, अगदी पुढे या." सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आनंदरावांचा चेहरा पडला. ते आल्या पावली परत फिरले. रूथबाई पायरीवरून उठल्या आणि अनवाणीच त्यांच्यामागे गेल्या.

उपासना सुटल्यावर त्या परत आल्या. "विश्रांतवाडीच्या बसमध्ये बसवून दिलं," त्या म्हणाल्या. मग पाय झटकत माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, उशिरा आलेल्या पेशंटला आम्ही आधी बाकावर टेकवायचो. उशीर का झाला, ते नंतर विचारायचं. माणसाला दारापर्यंत प्रभू आणतो. दारापासून बाकापर्यंतचंच काम आपलं. तेवढंही तुम्हाला जमलं नाही."

संध्याकाळी मी दोरी सोडली आणि कचऱ्यात टाकली. कमिटीला सांगितलं, सैल पडत होती. माफी मागितली नाही. रूथबाईंची नाही आणि आनंदरावांची तर नाहीच. त्या खोटेपणाची मला आजही लाज वाटते.

पुढे मंदी आली आणि माझी नोकरी गेली. ‘प्रभूने मला अमेरिका दाखवली’ अशी साक्ष मी चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून दिली होती. आता तिथे कोणत्या तोंडाने जायचं? औंधच्या उपासनेला जातो अशी थाप मारून आठ महिने मी रविवारी घरात बसलो. रूथबाई दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत लपलो आणि बायकोला ‘घरी नाहीत’ म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "नसू देत. आले की सांगा, मागे आता दोरी नाही."

पुढच्या रविवारी गीत सुरू झाल्यावर मी बूट काढून आत शिरलो. कोणी वळून पाहिलं नाही. रूथबाईंच्या शेजारी, कडेच्या जागेवर एक माणूस बसला होता. तो उठला आणि मला जागा देऊन पुढच्या बाकावर गेला. ते आनंदराव होते. विश्रांतवाडीला खेपा घालून बाईंनी त्यांना परत आणलं होतं. त्यांच्यासारखी आणखीही माणसं होती. मागच्या सहांपैकी चार बाकं भरली होती. आमचं चर्च मागून भरत आलं होतं, आणि तेही मी नसताना.

रूथबाईंनी गायनपुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. "पाणी हवं का?" एवढंच विचारलं.

माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो तो आणखी दीड वर्षाने, त्यांनी अंथरूण धरल्यावर. गॅलरीत त्यांच्या पांढऱ्या साड्या वाळत होत्या. दोरी पिवळ्या नायलॉनची होती. मी बघतच राहिलो.

"चांगली दोरी कचऱ्यात टाकतात का?" त्या पलंगावरून म्हणाल्या.

"बाई, माझं चुकलं."

"दोरी चांगलीच आहे रे सतीश. इतकी वर्षं झाली, तुटली नाही. तू फक्त भलत्या ठिकाणी बांधलीस." मी पलंगाच्या कडेला टेकलो. त्या म्हणाल्या, "पाणी घे."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. शेवटच्या बाकावर आता मी बसतो, बाटली आणि दोन पुस्तकं घेऊन. पण बाईंसारखं मला अजून जमत नाही. फार दिवसांनी कोणी दारात येऊन उभं राहिलं की माझ्या ओठांवर आधी तेच येतं, ‘काय हो, होता कुठे इतके दिवस?’ ते मी गिळतो आणि पुस्तक उघडून पुढे करतो.