शेवटच्या डब्याचे दिवे

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो, फाइलींबरोबर ते आपोआप साठतात. आणि आमच्याकडे फाइलींना तोटा नाही! अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या ऑफिसात युरोपातल्या मालगाड्यांचे कागद तयार होतात. तिकडे आता एका देशाच्या कंपनीला दुसऱ्या देशात गाडी न्यायची मुभा आहे. फक्त प्रत्येकाचे नियम अजून थोडे थोडे वेगळे आहेत. त्या 'थोडे थोडे'वर आमची पोटं चालतात.

हे सगळं आमच्या शेजारीणबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्हाला फुकट पास मिळतो का?"

*

श्रुती आमची ज्युनियर, वाढली इथेच. सरहद्द आली की ड्रायव्हर बदलतो, कारण त्याला पुढच्या देशाची भाषा येत नाही, हे तिला काही केल्या पटेना.

"सीरियसली? ट्रॅक तर सेमच आहे ना!"

आमचे साहेब हेल्मुट. तीस वर्षं त्यांनी हेच नियम एकसारखे करण्यात घालवलेली. ते म्हणाले, "रूळ तोच. 'थांब' हा शब्द वेगळा."

*

सावंतकाका चिपळूणचे. भारतात मालगाडीवर गार्ड होते, इथे डब्यांच्या याद्या तपासतात. त्यांच्या व्हिसाच्या रिन्यूअलचा फॉर्म साहेबांपुढे गेला.

आधीच्या नोकरीचा रकाना वाचून ते म्हणाले, "गार्ड? युरोपात मालगाडीवर गार्ड नसतो आता. या माणसाचं इथे काम काय?"

एचआरवाला काकांना म्हणाला, "देखते हैं, इन्शाल्ला." इथे याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच निघतो! काकांच्या धाकटीचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष बाकी होतं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही.

*

त्याच आठवड्यात आमची पहिली तीन देशांची गाडी निघाली. क्लायंटने बजावलं होतं, सरहद्दीवर अडली तर कॉन्ट्रॅक्ट खलास. दुसऱ्या सरहद्दीवर अकरा मिनिटांचा थांबा. आम्ही सगळे स्क्रीनवरच्या ठिपक्याकडे डोळे लावून बसलो होतो. इंजिन, ड्रायव्हर, ब्रेकचे कागद, सगळं ओके!

गाडी थांबली. काका मात्र यार्डातून आलेला फोटो बघत होते.

"मॅडम, हिच्या शेवटच्या डब्याला नुसत्या चमकत्या पाट्या आहेत. पुढच्या देशाला लाल दिवे लागतात ना?"

मी पानं उलटली. लागत होते. पहिल्या दोन देशांचाच तक्ता मी तिसऱ्याला चिकटवला होता! चूक माझी, निव्वळ माझी.

साहेबांनी फोन उचलला आणि त्या देशाच्या भाषेत स्टेशनवर ओरडायला सुरुवात केली. दिवे होते, पण स्टेशन मास्तरच्या खोलीत. तिथला माणूस ते घेऊन अख्ख्या गाडीच्या कडेने धावत निघाला.

आठ मिनिटं. नऊ.

"यल्ला, यल्ला, चल ना," श्रुती पुटपुटत होती.

दहा.

ठिपका हलला! मला रडूच आलं.

*

साहेब काकांच्या टेबलापाशी गेले. "तुमच्या कसं लक्षात आलं?"

"सगळे इंजिनाकडे बघत होते, सर. मी जन्मभर मागेच बसलो."

साहेबांनी एचआरमधून काकांचा फॉर्म मागवला, 'पद' या रकान्यातलं 'डॉक्युमेंट असिस्टंट' खोडलं आणि त्यावर स्वतःच्या पेनाने लिहिलं, 'गार्ड'.

"सर, ही पोस्ट आपल्याकडे नाहीये!" एचआरवाला म्हणाला.

हेल्मुटसाहेबांनी खाली सही केली.