‘हो’ म्हणणं सोपं होतं म्हणून

मी लहानपणापासून तोतरी बोलते. सगळीच अक्षरं अडतात असं नाही. क, प, त आणि ब ही माझी अडणारी अक्षरं. त्यातून माझं नावच ‘क’पासून सुरू होतं, त्यामुळे कुणाशी ओळख करून घ्यायची म्हटलं की सुरुवातच अवघड. हे न अडणाऱ्या माणसाला समजावणं कठीण आहे. शब्द आठवत नाही असं नसतं. तो अगदी स्वच्छ दिसत असतो, तोंड उघडलेलं असतं आणि आवाज मात्र बाहेर येत नाही. समोरचा आधी वाट बघतो, मग हसू दाबतो, मग दुसरीकडे बघतो.

असं बोलणारी माणसं शब्द बदलायला शिकतात. मीही शिकले. ‘पाणी’ म्हणायचं नसेल तर ‘घसा सुकलाय’ म्हणायचं. ‘पुस्तक’ म्हणायचं नसेल तर ‘वाचायला काही आहे का?’ असं विचारायचं. आमच्याकडे वर्ध्याला कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यामुळे गावात माझी एक मोठी अडचण आपोआप सुटलेली होती. पुण्यात नोकरीला आले तेव्हा सुरुवातीला मंडईजवळ एका खोलीत राहत होते. एकदा भाजीवालीला सवयीनं म्हणाले, “सांबार द्या.”

“सांबार हॉटेलात मिळतं,” ती वर न बघता म्हणाली. “इथे भाजी मिळते.”

मागचे दोघे हसले. समोर कोथिंबिरीचा ढीग होता. मी मेथीची जुडी उचलली आणि घरी आले.

पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम मिळालं. ते मला मनापासून आवडलं. प्रोग्राम कुठे बिघडू शकेल हे शोधून काढायचं आणि लिहून कळवायचं. लिहायचं असल्यामुळे बोलण्याची वेळ फारशी यायची नाही. काम चांगलं म्हणून वर चढत गेले आणि एके दिवशी एका छोट्या टीमची लीड झाले. दर मंगळवारी परदेशातल्या ग्राहकांशी व्हिडिओवर बैठक असायची. आता त्यात लीडनं, म्हणजे मी, बोलायचं होतं.

पहिल्या मंगळवारी मी ‘आय अ‍ॅम’पर्यंत आले आणि थांबले. नाव येईना. स्क्रीनवर सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते. मी ओठ हलवायची थांबले, पापणी मिटायची थांबले आणि तशीच बसून राहिले. आमच्या टीममधला एक जण म्हणाला, “तिचं नेटवर्क गेलंय वाटतं, स्क्रीन फ्रीझ झालीय. मी पुढे घेतो.” तो बोलत राहिला आणि मी फोटोसारखी न हलता बसले. पाठीला रग लागली तरी हलले नाही.

बैठक संपल्यावर मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. माणूस भला होता.

“तू टेन्शन घेऊ नकोस,” तो म्हणाला. “तयारी सगळी तू कर, कॉलवर तो बोलेल. चालेल ना?”

“हो,” मी म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. परतीच्या बसमध्ये मात्र त्या सुटकेचीच लाज वाटायला लागली. घरी आईला काही सांगितलं नाही. बाबा गेल्यापासून आई वर्ध्याहून माझ्याकडे वाघोलीला राहायला आली होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती, त्यामुळे चेहऱ्यावरून ओळखायची तिची सवय जुनी.

“काय झालं वं?” तिनं विचारलं.

“आज ऑफिसात त… त…”

“तरास झाला? गर्दी होती ना बसमध्ये? बस, चहा टाकते.”

मला ‘तमाशा झाला’ म्हणायचं होतं. मी पुन्हा “हो” म्हणाले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी टिळक रस्त्यावरच्या एका स्पीच थेरपिस्टकडे गेले. पिकलेल्या केसांच्या, सुती साडीतल्या बाई. भिंतीवर एकही प्रमाणपत्र टांगलेलं नव्हतं. माझं सगळं त्यांनी पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं. त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, “तोतरेपणा घालवून देण्याची हमी हवी असेल, तर रस्त्याच्या पलीकडे एक पाटी आहे, तिथे जा. मी हमी देत नाही.”

“मग काय क… करायचं?”

“व्यायाम देईन, ते करा. आणि एक वही घ्या. दिवसभरात काय म्हणायचं होतं आणि त्याऐवजी काय म्हणालात, ते रोज लिहा.”

“तुम्ही तपासणार?”

“मी कशाला तपासू? आपण काही शाळेत नाही.”

वाघोलीहून हिंजवडीला जायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच जातो. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून लिहायला लागले. विद्यापीठ चौकात बस उभी राहिली की अक्षर चांगलं यायचं, येरवड्यापुढे खड्डे लागले की वाकडं. सुरुवातीची पानं आज वाचवत नाहीत. ‘कॅन्टीनमध्ये पोहे हवे होते, उपमा घेतला.’ ‘रिक्षावाल्याला पुलाच्या अलीकडे म्हणायचं होतं, म्हणता आलं नाही, पुढे जाऊन चालत मागे आले.’ रोज हेच. लिहून मन हलकं होतं असं लोक म्हणतात. माझं तर जड व्हायला लागलं, कारण आधी जे विसरून जात होते ते आता कागदावर राहत होतं.

तरी लिहीत राहिले. बसमध्ये दुसरं करायला काही नव्हतं, हेही एक कारण असेल.

एका शुक्रवारी खराडीला अपघात झाला होता आणि बस जागची हलत नव्हती. मी मागची पानं वाचत बसले. शेजारच्या टीमच्या मुलीनं विचारलेलं, ‘शनिवारी माझ्याऐवजी येशील का?’ मला म्हणायचं होतं, ‘कंटाळा आलाय गं, मागच्या शनिवारीही मीच आले होते.’ म्हणाले होते, ‘हो.’ घरमालक म्हणाला, ‘नळ पुढच्या महिन्यात बघू.’ म्हणायचं होतं, ‘परत पुढचा महिना?’ म्हणाले होते, ‘हो.’ पान उलटलं, तिथेही हो. त्याच्या पुढच्या पानावरही.

ह मला कधीच अडत नाही. शाळेत हजेरीलाही मी ‘हजर’ सुरळीत म्हणायचे. सगळे मला शांत, सोशिक, कुणाला न दुखावणारी मुलगी म्हणायचे. नातेवाईक म्हणायचे, ऑफिसात म्हणायचे आणि मीही ते खरं धरून चालले होते. त्या बसमध्ये पहिल्यांदा वाटलं की माझा स्वभाव नेमका कसा आहे, हे मला अजून माहीतच नाही. आतापर्यंत जो होता तो तोंडातून जी अक्षरं निघाली त्यांनी बनवला होता. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी हसू आलं आणि शेजारच्या बाईंनी चमकून बघितलं.

पुढच्या भेटीत मी हे थेरपिस्ट बाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

“छान. अडल्याची नोंद चोख आहे,” त्या म्हणाल्या. “आणि अडला नाहीत त्याची?”

“ती क… कशाला?”

“दिवसभरात हजार शब्द बोलता. त्यातले वीस अडतात. बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

मग तेही लिहायला लागले. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना माझं एकही अक्षर अडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्याची गंमत कधी वाटली नव्हती. आता ती वहीत आली. जिन्यातल्या मांजराशी बोलताना अडत नाही. भांडताना फारसं अडत नाही, हेही कळलं, पण त्यासाठी भांडायला हवं. एकदा नव्यानं आलेल्या मुलीला काम समजावत होते आणि ‘प्रोग्राम’ या शब्दावर चांगलीच अडले. ती मुलगी पेन हातात धरून शांत बसली. घाईही केली नाही, सांत्वनही नाही. शब्द आला, मी पुढे गेले. त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं: ‘अडले. ती थांबली. काही बिघडलं नाही.’

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. अडण्यापेक्षा मला भीती समोरच्याच्या घाईची होती. आणि सगळ्यात जास्त घाई, हे लिहिताना हात जड झाला, आईला होती. माझं वाक्य अर्धं झालं की ती ते पूर्ण करायची. शाळेपासून. बहुतेक वेळा चुकीचं पूर्ण करायची आणि मी हो म्हणायचे.

तिला सांगायचं वाक्य मी कितीतरी संध्याकाळी वहीत लिहिलं आणि खोडलं. एक फार कडू होतं. एक इतकं गोड होतं की त्याचा अर्थच कळत नव्हता. शेवटी एका रविवारी ती ओट्याशी वांगी चिरत होती, तेव्हा म्हणाले, “आई, माझं वाक्य तू प… प…”

“पाठ? काय पाठ करू?”

“पूर्ण करू नकोस.”

सुरी थांबली. “म्हणजे?”

“मी अडले की थांब. मला वेळ लागेल. लागू दे.”

तिनं चिरलेली वांगी पाण्यात टाकली, हात पुसले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “मले वाटे का तुले मदत होते. लोकं हसत तुले शाळेत. मी मधात बोलली का त्याईले हसाले वेळच भेटत नसे.”

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

“तेव्हा झाली मदत,” मी म्हणाले. “आता नको.”

दुसऱ्या दिवशी जेवताना मी काहीतरी सांगायला लागले आणि ‘बसमध्ये’वर अडले. आईनं ओठ घट्ट मिटले. डोळे मोठे केले. घास हातातच राहिला. तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिलाच शब्द अडलाय. मला हसू फुटलं, मग तिलाही.

“हसू नको,” ती म्हणाली. “माह्यासाठी बी कठीण हाये हे.”

त्याच महिन्यात मी मॅनेजरला सांगितलं की मंगळवारच्या बैठकीत मला बोलायचंय.

“नक्की? म्हणजे, तुला त्रास नको म्हणून मी…”

“माहितीये. पण काम माझं आहे.”

बैठकीच्या सुरुवातीला काय म्हणायचं ते मी आदल्या संध्याकाळी बसमध्ये लिहून ठेवलं होतं. कॅमेरा सुरू झाला आणि मी ते म्हणाले: मी अडखळत बोलते, काही शब्दांना वेळ लागेल, तेवढं थांबा. हे सांगतानाही अडलेच. मग नाव घेतलं. फार वेळ लागला. पण या वेळी मी मान हलवली, पापण्या मिटल्या, आणि स्क्रीन फ्रीझ झाल्याचं कुणी म्हटलं नाही. पलीकडून एक जण “शुअर” म्हणाला आणि काम सुरू झालं. त्यांनी एक किचकट प्रश्न विचारला, त्याचं उत्तर टीममध्ये फक्त मलाच माहीत होतं. मी अडत अडत पूर्ण दिलं. बैठक लांबली. एकानं घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं. दिसलं आणि तरी मी बोलत राहिले. संपल्यावर नव्या मुलीनं मला कॅन्टीनला नेलं, आणि मी पोहे मागवले.

यालाही आता बराच काळ झाला. तोतरेपणा गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. फोनवर अजून घाम फुटतो. ‘परत पुढचा महिना?’ हे घरमालकाला म्हणून झालं आणि नळ दुरुस्त झाला. शनिवारी बदली यायला मी नकार दिला तेव्हा शेजारच्या टीमची ती मुलगी काही दिवस बोलत नव्हती, मग बोलायला लागली. शांत आणि सोशिक म्हणून मला ओळखणाऱ्या नातेवाइकांपैकी एक मावशी आईला म्हणाली, “पुण्यात गेल्यापासून पोरगी लय बोलते.” आईनं ते मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

वही चालू आहे, म्हणजे तिसरी. परवा बस विद्यापीठ चौकात अडकली होती, तेव्हा गेल्या आठवड्याची पानं चाळली. सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना पोहायला शिकायचंय त्याबद्दल लिहिलं होतं. टीममधल्या नव्या मुलीचं लग्न ठरलं, त्याचं होतं. आईला विहारात धम्मवर्गात शिकवायला बोलावलंय आणि ती तयारी करताना मला विद्यार्थी म्हणून समोर बसवते, हे तर दोन पानं होतं. कुठे अडले याची एकही नोंद नव्हती. अडले नसेन असं नाही, रोज अडतेच. लिहायचं राहून गेलं होतं, कारण सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. सिग्नल सुटला, आणि मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते लिहायला घेतलं. त्यांनी पहिल्याच दिवशी पोहण्याच्या शिक्षकाला सुनावलं होतं, “घाई तुम्हाला असेल, मी निवृत्त आहे.”