आधी आवाज, मग फुटाणे

तुम्ही हात पुढे केला की ती टोपली मागे ओढायची. वर पंजा ठेवायची, जणू आत फुटाणे नसून नागोबा आहे. आणि म्हणायची, "आधी आवाज काहाड."

एवढंच. भाव नंतर, कागदाचा पुडा नंतर. आधी आमच्या क्लबच्या नावाने आवाज काढायचा. तोही तिला पटला पाहिजे. तोंडातल्या तोंडात पुटपुटलात, तर पंजा जागचा हलायचा नाही.

हे आत्ताच लिहायला बसलो, कारण परवा आमच्या हिंगणघाटात क्लबच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला. व्यासपीठावर एक पाहुणे उठले आणि म्हणाले, या गावाला फुटबॉलचं प्रेम उपजतच आहे. उपजत! उपजत अंगावर तीळ येतो. फुटबॉलचं प्रेम उपजत येत नाही. आमच्या गावात ते एका बाईने मानगूट धरून, एकेकाच्या नरड्यात हात घालून बाहेर काढलं. तिचं नाव व्यासपीठावर कुणी घेतलं नाही. मग मीही घेत नाही. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनीच घेतलं नाही, तर माझ्यासारख्या सायकलवाल्याने फुकट का वाटावं?

माझं सायकलचं दुकान मैदानाच्या कोपऱ्यावर. चेंडूतलं रबरी ब्लॅडर फुटलं की ठिगळ मी लावायचो, हवा मी भरायचो, वादी मी आवळायचो. तेव्हाचा चेंडू म्हणजे अस्सल चामडं. पावसात भिजला की इतका जड व्हायचा, की हेडर मारणारा पोरगा दोन बोटं बुटका होऊन घरी जायचा. माझ्या डोळ्यांसमोर एक चांगला उंच सेंटर हाफ तीन पावसाळ्यांत गोलकीपरच्या खांद्याला लागला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. ही फुटाणेवाली, सगळ्या गावाची मावशी, मैदानाकडेला बसायला लागली, ती फुटबॉलसाठी नव्हे. गिरणीची पाळी सुटली की माणसं त्या वाटेने जात, म्हणून. तिची पाठ मैदानाकडे, तोंड रस्त्याकडे. एका संध्याकाळी आमच्या कप्तानाने डावीकडून असा शॉट हाणला की गोल राहिला बाजूला, आणि चेंडू सरळ तिच्या टोपलीत. टोपली उलटी, फुटाणे मातीत.

तिने आरडाओरडा केला नाही. चेंडू ओढला, लुगडं आवरलं आणि त्याच्यावर बसली.

खेळ थांबला. रेफ्री आला, तिने ऐकलं नाही. कमिटीवाले आले, तिने मान वळवली. शेवटी कप्तान स्वतः आला. गिरणीत फिटर होता, अंगाने दणकट, बोलायला लाजरा. म्हणाला, "मावशी, बॉल दे ना."

"फुटाने उचल."

त्याने उचलले. एकेक दाणा वेचला, ओंजळ भरली, फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरली.

"मले काऊन देतं? तूच खा."

आणि गड्याने खाल्ले! मातीसकट, खड्यासकट, सगळ्या गावादेखत. दातांखाली खडे वाजत होते ते मला दुकानात ऐकू आले. मावशी बघत राहिली. मग उठली, चेंडू दिला आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "हा पोरगा कोन्या गावचा?"

"आपल्याच."

"आपला हाय, तं मंग हरून काऊन राह्यला?"

त्या दिवसापासून तिने बसण्याची दिशा बदलली. तोंड मैदानाकडे, पाठ रस्त्याकडे. गिऱ्हाईकानेच फिरून पुढे यायचं. आणि पुढे आला की तो सापडलाच.

तिच्या आवाजाबद्दल सांगायचं तर, कापूस बाजारात उभे असलेले बैल एकदा तिच्या "मार ना बे!" ने असे उधळले, की गाड्या न विकलेल्या कापसासकट आपापल्या गावी पोचल्या. हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ट्रकवाले मागून हॉर्न वाजला समजून बाजूला होत. मी थोडं वाढवून सांगतोय, कबूल. पण थोडंच.

पुण्याकडचा एक बँकेचा साहेब बदलून आला होता. कडक इस्त्री, रुमालाची घडी कॉलरमागे. हात पुढे केला, टोपली मागे गेली. ती म्हणाली, "तू कोनाकून?"

तो म्हणाला, मी सहज बघतोय.

"सहज पाहाले हे काय कोनाचं लगन हाय?"

साहेबाने आवाज काढला. डॉक्टरला दुखणं सांगावं तसा. तिने मान हलवली. दुसऱ्यांदा काढला, पंजा हलला नाही. तिसऱ्यांदा मानेच्या शिरा टरारल्या आणि चष्मा घसरला, तेव्हा कुठे पुडा मिळाला. महिन्याभरात तो साहेब रेफ्रीच्या अंगावर धावून जायला लागला. असाच एक हवालदार, असाच एक मास्तर, असाच एक नवरदेव मुंडावळ्यांसकट. गावाला फुटबॉल असा लागला, एकेका पुड्याने. मलाही सोडलं नाही. मी म्हणालो, मी ठिगळवाला, मला सगळे क्लब सारखे. तर म्हणे, "बॉल तुह्या हातानं फुगते ना? मंग तू कोनाचा?" याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे असलं तर सांगा.

परगावचे लोक आले तर त्यांनाही फुटाणे मिळायचे. पण टोपलीच्या तळाचे. जळके.

आणखी एक सांगतो. ती रेल्वेच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. त्या वस्तीतलं पाणी पिताना ज्यांचा घोट घशात अडकायचा, असे लोक मैदानावर तिच्या ओंजळीतून फुटाणे घ्यायचे आणि तिच्या मागोमाग बोंबलायचे. खेळ संपला की पुन्हा घसा तसाच. तिला हे दिसत नव्हतं असं समजू नका.  त्यांच्यातलं कुणी सामन्याला उशिरा आलं, की त्याला सगळ्यांत मोठ्याने ओरडायला लावायची.

मग क्लबला बरे दिवस आले. बरे दिवस आले की माणसं बिघडतात, क्लब तर माणसांचाच. कापसाच्या धंद्यातले एक शेठ अध्यक्ष झाले. कप्तानाचा गुडघा गेला होता, त्याला त्यांनी सेक्रेटरी केलं आणि छातीला बिल्ला लावला. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा हिवाळ्यात मोठी टुर्नामेंट ठरली. मैदानाला चहूकडून कनात, आत खुर्च्या, दाराला कमान. बाहेरगावची तगडी पोरं येणार. आणि लागोपाठ सामने मारून आमचा क्लब कामठीच्या टीमविरुद्ध फायनलला!

आधीचे सामने मावशीने पाहिले नव्हते. ती गिरडला गेली होती. पोरं फायनलला पोचू दे म्हणून फरीदबाबाच्या दर्ग्याची टेकडी चढून आली. फायनलच्या दिवशी दोन टोपल्या घेऊन निघाली. एक विकायला, एक जिंकल्यावर वाटायला. दोन्ही माझ्या दुकानावरून गेल्या. मी चेंडू फुगवत होतो. म्हणाली, "आज गच्च भर."

मी चेंडू काखोटीला मारून मागोमाग गेलो, म्हणून कमानीशी काय झालं ते मी पाहिलं. गावानेही पाहिलं. रांग लागली होती.

सेक्रेटरी दारात उभा होता. म्हणाला, "मावशी, आत फराळाचा ठेका देल्ला हाय. टोपली न्याले मनाई हाय."

"ठेवतो बाहेर. मी येतो," मावशी म्हणाली.

तो बिल्ला चाचपत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला की मोठी माणसं आली आहेत, साफसफाई पाहतात, कमिटीचं ठरलं आहे, तिकिटाशिवाय नाही. साफसफाई! ज्याच्या पोटात त्याच मैदानाची माती गेली होती, तो तिला साफसफाई सांगत होता.

बँकेचा साहेब रांगेत होता. त्याने आपलं तिकीट पुढे केलं. मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तिकीट पाहुन्याले लागते," ती म्हणाली.

मग तिने टोपलीतून ओंजळभर फुटाणे घेतले आणि सेक्रेटरीच्या बुटांपुढे मातीत टाकले.

"उचल."

"मावशी, लोक पाहून राह्यले."

"तवाबी पाहूनच राह्यले होते."

तो वाकला असता. मला अजून वाटतं, वाकला असता. त्याचा चांगला गुडघा जरा हललाही होता. पण मागून शेठची मोटार आली, हॉर्न वाजला, आणि तो दार उघडायला बाजूला झाला. मोटार फुटाण्यांवरून आत गेली. करकर आवाज झाला. मावशीने दोन्ही टोपल्या उचलल्या आणि घराकडे चालू लागली. रांगेतल्या एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. ज्या नरड्यांना तिने आवाज दिला, ती सगळी तिथे हजर होती.

त्या दिवशी फायनल बरीच उशिरा सुरू झाली. खेळायचा आणि जादाचा, दोन्ही चेंडूंतली हवा गेली होती. कशी गेली ते मला विचारू नका, माझ्या हातात नुसता पंप होता.

आणि सामना? आमची पोरं जीव तोडून खेळली. पण खुर्च्यांवर बसलेलं गाव मुकं. सुरुवात कुणी करायची तेच कुणाला ठाऊक नव्हतं. बँकेचा साहेब एकदा उठला, तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बसला. कामठीवाल्यांना वाटलं असेल, आपण मयतीला आलो. त्यांनी गोलांवर गोल घातले, तेही दबकत, अदबीने. शेठ म्हणाले रेफ्री विकला गेला. 

मावशी त्यानंतर मैदानाकडे फिरकली नाही. बसस्टँडवर बसू लागली. मी एकदा मुद्दाम गेलो. हात पुढे केला आणि आवाज काढायला छाती फुगवली, तेवढ्यात पुडा हातात. माझ्यामागे एक उतारू होता, नागपूरकडचा असावा. त्यालाही पुडा. वरचे फुटाणे, पिवळेधमक, एकही जळका नाही. मला तिथेच बोंब मारावीशी वाटली.

"मावशी," मी म्हणालो, "आवाज नाई मागत आता?"

"कोनासाठी मागू?"

पुढे एका उन्हाळ्यात ती तिथेही दिसेनाशी झाली. समुद्रपूरकडे लेकीच्या गावी गेली म्हणाले, मग तिकडेच वारली म्हणाले. क्लबने शोकसभा घेतली नाही. शेठ गेले तेव्हा मात्र घेतली, आणि मी क्लबच्या चेंडूंत हवा भरायचं काम सोडलं.

सत्कारात सेक्रेटरीलाही शाल मिळाली. म्हातारा झालाय, दात एकही नाही. बाहेर पडताना माझ्या दुकानाशी थांबला, कमानीच्या जागेकडे पाहिलं आणि निघून गेला.  मैदानाच्या निम्म्या भागावर दुकानांचे गाळे झालेत, कमान होती तिथे डांबर आहे. त्याखाली आता एकही फुटाणा नाही, हे मला कळतं. तरी तिथून जाताना मी सायकलचं चाक जरा बाजूने काढतो.