कोऱ्या पॅडवरच्या सह्या

जिल्हा परिषदेची आमची जागा त्या खेपेला बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून मी निवडून आले. माझं कर्तृत्व एवढंच की नवरा त्याच जागेवर दोनदा निवडून आला होता आणि आता तो गेला होता. खरं उभं राहायचं होतं पुतण्याला. तो म्हणाला, "काकी, तू नुसती उभी रहा. बाकी मी हाय ना."

निवडून आल्यावर गुलाल धुतला आणि घर रिकामं झालं. नवरा होता तेव्हा सकाळी सातपासून ओट्यावर माणसं असायची, मी चहा करून कंटाळायचे. आता माणसं पुतण्याच्या ऑफिसात जात, वडप्याच्या हायवेवर. माझ्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. मी सदस्य होते, पण दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसे.

एक शाळेतल्या बाई तेवढ्या यायच्या. आमच्या गावच्या दोन शिक्षकी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने यायच्या, पुढे चालत. मी चौथी शिकलेली. ठाण्याहून सभेची नोटीस आली की तिच्यातले निम्मे शब्द मला कळत नसत. पहिली नोटीस घेऊन मीच शाळेत गेले होते. नंतर शाळा सुटल्यावर त्याच घरी येऊ लागल्या. एकेक विषय वाचायच्या आणि विचारायच्या, "काकी, यावर तुम्ही काय बोलणार?"

"मी काय बोलणार? हात वर करणार."

"मग हात तरी समजून वर करा."

असं मला कुणी बोललं नव्हतं. मी त्यांची वाट बघू लागले. सुट्टीच्या दिवशी मला जेवण जात नसे.

नवऱ्याची एक पद्धत होती. लेटरहेडचं नवं पॅड आलं की तो एका बैठकीत सगळ्या कोऱ्या कागदांवर सह्या करून टाकायचा. लोक दाखल्याला, शिफारशीला येतात, आपण घरी नसलो तर त्यांचं काम अडू नये, म्हणून. सगळेच सदस्य तसं करत. पुतण्याने पॅड आणून ठेवलं तशी मीही ओळीने सह्या केल्या, आणि पॅड त्याच्या ऑफिसात गेलं. मला वाटलं, हेच काम असतं.

चौथ्या वर्षी शाळेच्या मागची आमची जमीन पुतण्याने गोडाऊनला दिली. कंटेनर आत न्यायला वाट हवी होती, ती शाळेच्या पटांगणातून. बाईंनी 'हरकत नाही' असं लिहून द्यायला नकार दिला. मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंत." तेवढ्यावर विषय संपला असं मी धरून चालले.

महिन्याभरात बाईंची मोखाड्याला बदली झाली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या ऑर्डर घेऊन माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"काकी, मला तोंडावर सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?"

"तुमच्या पत्रावर झाली बदली. ग्रामस्थांच्या तक्रारी आहेत म्हणून लिहिलंय तुम्ही."

मी दुसऱ्या दिवशी एसटीने ठाण्याला गेले. पुतण्याची गाडी मागितली नाही. शिक्षण विभागातल्या साहेबांनी फाईल काढून दाखवली. पत्र टाईप केलेलं, खाली माझी सही. एक अक्षर इकडेतिकडे नाही.

"सही तुमची नाही असं लिहून द्या," साहेब म्हणाले. "पुढचं बघतो."

"सही माझीच हाय. कागद कोरा होता."

त्यांनी दाराकडे बघितलं. "ताई, असं लिहून देऊ नका. सगळ्याच सदस्यांचे कागद कोरे असतात. अडचणीत याल."

मी तिथेच बसून लिहून दिलं. चार ओळींना अर्धा तास लागला. चुका झाल्या असतील. पाच वर्षांत मी स्वतः लिहिलेला तो एकच कागद.

पुतण्याला संध्याकाळीच कळलं. तो ओट्यावर उभा राहून ओरडला, "काकी, घरातलं माणूस सोडून मास्तरणीसाठी माझी इज्जत घालवलीस!"

मी म्हटलं, "माझी सही चोरलीस, इज्जत कसली सांगतोस?"

"चोरली? तूच दिलीस ना!"

त्या दिवसापासून त्याचं घर मला बंद झालं, आणि त्याच्यामागे निम्मं गावही.

बदली रद्द व्हायला सात महिने लागले. तोवर कंटेनरची वाट होऊन गेली होती. बाई जूनमध्ये परत आल्या. मी रोज साडेपाचपर्यंत ओट्यावर बसायचे. त्या समोरून जायच्या, मान हलवायच्या. आठवड्याने मी उठून त्यांना अडवलं.

"बाई, राग गेला नाही का अजून?"

"राग नाही, काकी. तुम्ही लिहून दिलंत ते मला कळलंय. उपकार आहेत."

"मग बसा की."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भीती वाटते. सात महिने माझा मुलगा शेजाऱ्यांकडे जेवला. तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे खरंच आहे. पण त्या माहीत नसण्याचीच भीती वाटते."

मी बाजूला झाले. पुढे चालत जाऊन शेअर रिक्षा गाठायची होती, त्यांना जायचं होतं.

पुढच्या निवडणुकीत जागा खुली झाली आणि पुतण्या निवडून आला. मिरवणूक माझ्या दारावरून गेली. नोटिसा आता त्याच्याकडे येतात. मला त्यातले शब्द आता कळतात, पण मला कुणी दाखवत नाही.