किती वाजले, जावईबापू?

जावईबापूंना कॅमेरा बसवलेल्या मनगटी घड्याळांचा नाद आहे. तसल्याच नादिष्टांचा त्यांचा एक ग्रुप आहे. घड्याळाने टिपलेले फोटो तिथे एकमेकांना दाखवतात. परवा मी कवळी काढून दुधात भाकरी कुस्करून खात होते. ते समोर बसून सारखं मनगट वळवून बघत होते. पाहुणा घड्याळाकडे बघू लागला की त्याला निघायचंय, एवढंच मला आजवर ठाऊक.

“किती वाजले, जावईबापू?”

त्यांना सांगता येईना. माझा घास हातातच राहिला.

“दाखवा.”

काचेवर नखाएवढी मी होते, तोंडाचं बोळकं उघडलेली.

“ग्रुपवर टाकला?”

“अजून नाही, आई. फार जिवंत आलाय.”

“मी जिवंतच आहे. विचारायचं होतं. पुसा.”

जावयाशी असं बोलतात का, म्हणून लेक दारातून डोळे वटारत होती. फोटो पुसेपर्यंत मी घास तोंडात घातला नाही.

पूर्वी फोटो म्हटलं की बाईमाणूस पदर सारखा करायचं, श्वास धरायचं. आता मनगटालाही डोळा असतो, आणि तो उघडा की मिटलेला, कळत नाही.

जावईबापू हल्ली घड्याळ चपलांपाशी काढून आत येतात. तरी कुणीही मनगट वळवलं की मी आधी वेळ विचारते.